निपाणीचा गुरुवार: एका डॉक्टरची दोन राज्यांतली नोंदणी

कोल्हापूरहून निपाणी साधारण ४० किलोमीटर. कागल सुटलं की लगेच कर्नाटक, मग कोगनोळीचा टोलनाका. गाडीत बसलेल्याला ते कळतही नाही, इकडं ऊस तिकडं ऊस, माणसं मराठीच बोलतात, दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं बदलतात एवढंच. पण डॉक्टरच्या नोंदणीचा विषय निघाला की तिथं चांगली उंच भिंत आहे, आणि ती ओलांडायला आम्हाला आठ महिने लागले. त्यातले निदान तीन महिने माझ्या चुकीनं गेले, म्हणून हे सगळं नीट लिहून ठेवतोय.

आम्ही म्हणजे बायको, ती स्किनची डॉक्टर, कोल्हापुरात राजारामपुरीत क्लिनिक आहे, आणि मी तिचा बिनपगारी क्लार्क. फॉर्म, फी, झेरॉक्स, पासवर्ड हे माझं खातं. तिला फक्त सही करायला द्यायचं, तीही दोन पेशंटच्या मधे.

शनिवारच्या ओपीडीत निम्मी माणसं निपाणी, चिकोडी, संकेश्वरकडची असतात. सोरायसिसचा पेशंट, पायाला भेगा, एसटी बदलत बदलत येतो, दोन तास बसतो, आणि दहा मिनिटांत औषध बदलून परत जातो. जून २०२४ मध्ये निपाणीतले एक लॅबवाले काका, त्यांच्या ओळखीचे बरेच पेशंट आमच्याकडं येतात, ते म्हणाले, मॅडम, आमच्या लॅबशेजारची खोली गुरुवारी रिकामीच असते, या की बसायला, तुमचा पण फेरा आणि लोकांचा पण वाचेल. बायकोला पटलं. मला तर लगेच पटलं, कारण मला वाटलं यात कागद काही नाहीतच.

आता असं का वाटलं ते सांगतो, कारण कोल्हापुरात मी ज्या ज्या डॉक्टरांना विचारलं त्यातले निम्मे तेच म्हणाले, "अहो एमबीबीएसला भारतभर चालतं." आणि हे अगदीच हवेतलं नव्हतं. १९५६ चा इंडियन मेडिकल कौन्सिल कायदा होता त्याच्या कलम २७ मध्ये होतंच की इंडियन मेडिकल रजिस्टरमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या देशपातळीवरच्या यादीत, नाव असलेला माणूस आपल्या पदवीप्रमाणं देशात कुठंही प्रॅक्टिस करू शकतो. जुन्या डॉक्टरांच्या डोक्यात ते वाक्य पक्कं बसलंय. पण तो कायदा २५ सप्टेंबर २०२० ला गेला, त्याच्या जागी २०१९ चा नॅशनल मेडिकल कमिशनचा कायदा आला, आणि मे २०२३ मध्ये नोंदणी आणि परवान्याचे नवे नियम आले, त्यात साधारण मांडणी अशी की डॉक्टरला देशपातळीवरचा एक युनिक नंबर, पण प्रॅक्टिसचा परवाना देणार राज्याची मेडिकल कौन्सिल, म्हणजे डॉक्टरांची नोंद ठेवणारी संस्था, पाच वर्षांसाठी, आणि दुसऱ्या राज्यात काम करायचं असेल तर त्या राज्याच्या कौन्सिलकडं अर्ज. म्हणजे नंबर देशाचा आणि दार राज्याचं.

कायद्याचा कीस पाडत बसलो असतो तर वकील मित्रानं अजून चार अर्थ काढून दिले असते. पण प्रश्न व्यवहारातच मिटला. कर्नाटकात खाजगी दवाखान्याची नोंदणी २००७ च्या केपीएमई म्हणजे कर्नाटक प्रायव्हेट मेडिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायद्याखाली होते, नुसती ओपीडीची खोली असली तरी, आणि त्या अर्जात डॉक्टरचा तिथल्या कौन्सिलचा नंबर भरायचा असतो. नंबर नाही तर अर्जच पुढं सरकत नाही. लॅबवाल्या काकांनी हे पहिल्याच आठवड्यात सांगितलं, त्यांची लॅब त्याच कायद्याखाली नोंदवलेली आहे त्यामुळं त्यांना सगळं तोंडपाठ. मी मात्र ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मधल्या काळात बायकोनं एक शहाणपणाचं केलं, जुन्या पेशंटना फॉलोअपसाठी व्हिडिओ कॉलवर घ्यायला सुरुवात केली. टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं २५ मार्च २०२० ला, लॉकडाऊनच्या पहिल्याच दिवशी आली, त्यात स्पष्ट आहे की नोंदणीकृत डॉक्टर भारतातल्या कुठल्याही ठिकाणाहून ही सेवा देऊ शकतो. औषधांच्या याद्या ठरलेल्या आहेत, पहिल्यांदाच भेटणाऱ्या पेशंटला काय लिहिता येतं, फॉलोअपला काय, आणि शेड्यूल एक्स आणि अमली पदार्थांच्या कायद्यातली औषधं अजिबात नाहीत. गंमत बघा, राजारामपुरीत बसून निपाणीच्या माणसाची खरूज मोबाईलवर बघितली तर चालतं, आणि निपाणीत जाऊन त्याच माणसाचा हात हातात घेऊन बघितला तर वेगळी नोंदणी पाहिजे. पण स्किनमध्ये मोबाईलचा कॅमेरा फार दगा देतो, लाल रंग तर हमखास खोटा दिसतो, त्यामुळं हा कायमचा उपाय नव्हताच.

तर नोंदणी. इथं आमच्या केसमध्ये एक जास्तीची गाठ आहे. बायको कोल्हापूरची, पण तिनं एमबीबीएस केलं बेळगावात. कोल्हापूर सांगलीची कितीतरी पोरं तिकडं शिकतात. इंटर्नशिप झाल्यावर पहिली नोंदणी साहजिकच कर्नाटक मेडिकल कौन्सिलची, बेंगळुरूची. मग २०११ मध्ये लग्न, कोल्हापुरातच राहायचं ठरलं, तेव्हा तिनं तिकडून एनओसी घेतली आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडं नाव घातलं. एमडी नंतर महाराष्ट्रात केलं, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची पदवी, ती इथं जादा अर्हता म्हणून नोंदवली.

आता मला काय वाटलं, की बाईचा कर्नाटकाचा जुना नंबर आहेच, ट्रंकेत ते सर्टिफिकेट पण आहे, प्लास्टिकच्या पिशवीत, हळदीकुंकवाचा डाग पडलेलं. तेच चालू करून घेऊ. ते शक्य नव्हतं, कारण एनओसी घेऊन नाव हलवलं तेव्हाच तिथलं नाव कमी झालं होतं. हातात सर्टिफिकेट असणं आणि रजिस्टरात नाव असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं.

बरं, मग नव्यानं अर्ज करायचा. आणि इथं मी ती चूक केली. २०११ ची फाईल समोर होती, त्यात पहिला कागद एनओसी. म्हणून मी यावेळी पण तेच केलं, उलट्या दिशेनं. महाराष्ट्राच्या कौन्सिलकडं एनओसीचा अर्ज भरला, फी भरली, मोकळा झालो, बायकोला म्हटलं पण की बघ एका संध्याकाळीत काम फत्ते. पंधरा दिवसांनी एका कागदाची विचारणा करायला तिकडून फोन आला. बोलणाऱ्या बाई अगदी सहज म्हणाल्या, "मॅडम महाराष्ट्र सोडून चालल्यात का?" मी म्हटलं नाही हो, इथंच आहोत, फक्त गुरुवारी निपाणीला. त्या दोन क्षण गप्प. मग म्हणाल्या, "मग एनओसी कशाला मागताय, गुड स्टँडिंग मागा."

घाम फुटला. अहो सहा दिवसांचं क्लिनिक कोल्हापुरात आणि मी एका गुरुवारसाठी तिचं इथलं नाव हलवायला निघालो होतो.

एनओसी म्हणजे माझं नाव इथून तिकडं जातंय, तुमची हरकत नाही ना. गुड स्टँडिंग सर्टिफिकेट म्हणजे ही डॉक्टर आमच्या रजिस्टरात चालू आहे, हिच्यावर कारवाई वगैरे काही नाही. बिऱ्हाड हलवायचं असेल तर पहिलं, दुसरी चूल मांडायची असेल तर दुसरं. अर्ज मागं घेतला, नव्यानं भरला, आणि मग गुड स्टँडिंग आल्यावर नवीनच अडचण निघाली की तिच्या इथल्या नोंदणीचं नूतनीकरण तीन महिन्यांवर आलेलं. महाराष्ट्रात दर पाच वर्षांनी नूतनीकरण, त्याला ३० क्रेडिट पॉइंट लागतात, सीएमई म्हणजे त्या कॉन्फरन्स आणि लेक्चरचे. तिचे २६ झाले होते. मग एका रविवारी सांगलीला जाऊन कॉन्फरन्समध्ये बसून चार पॉइंट आणले, जेवण चांगलं होतं म्हणाली. आधी नूतनीकरण करून घेतलं मग तिकडं अर्ज, कारण तिकडच्या अर्जाला इथल्या नोंदणीची मुदत संपत आलेली दाखवायची हे मला बरोबर वाटेना.

यातच एक पोटविषय, नावाचा. तिच्या बारावीपासून एमबीबीएसपर्यंत माहेरचं नाव, वडिलांचं नाव मधे. एमडीवर लग्नानंतरचं, माझं नाव मधे. आधारवर लग्नानंतरचंच, पण आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी आय ऐवजी डबल ई, आधार काढणाऱ्या पोरानं टाईप केलं आणि आम्ही कधी बघितलंच नाही. कर्नाटकातल्या जुन्या सर्टिफिकेटवर तर नाव आधी आणि मागं नुसतं एक अक्षर, तिकडची पद्धतच ती. म्हणजे चार कागद, चार बायका. २३ ऑगस्ट २०२४ ला नॅशनल मेडिकल रजिस्टरचं पोर्टल सुरू झालं, आम्ही म्हटलं याच धडाक्यात तेही करून टाकू, तर आधारवरूनच ओळख पटवायची असते तिथं, आणि ते डबल ई आडवं आलं. मग आधी आधार दुरुस्त, त्याला पुरावा म्हणून लग्नाचं सर्टिफिकेट आणि नावबदलाचं राजपत्र. नशीब राजपत्राची प्रत २०११ च्या फाईलमध्ये होती. कुणी नवीन लग्न झालेली डॉक्टर पोरगी हे वाचत असेल तर तिला एवढंच सांगेन, नाव बदल किंवा बदलू नको, पण जे काय आहे ते सगळीकडं एका स्पेलिंगनं ठेव.

बेंगळुरूला मूळ कागद दाखवायला आम्ही दोघं रात्रीच्या बसनं गेलो. २०११ च्या एनओसीची झेरॉक्स सोबत होती, जुना नंबरही अर्जात लिहिला होता. पदवी त्यांच्याच राज्यातली म्हणून एमबीबीएसचं काही अडलं नाही. पण एमडी तिथं वेगळं नोंदवावं लागलं, जादा अर्हता म्हणून, वेगळा फॉर्म. हे बरेच जण विसरतात. एमबीबीएसची नोंदणी झाली म्हणजे तिथं तुम्ही एमबीबीएस डॉक्टर, पाटीवर त्वचारोगतज्ज्ञ लिहायचं तर एमडीची नोंद तिथल्या रजिस्टरातही पाहिजे. आणि काम झाल्यावर मल्लेश्वरममध्ये डोसा खाल्ला, तो मात्र विसरणार नाही.

माणसाची नोंदणी झाली. मग खोलीची. केपीएमईचा अर्ज जिल्ह्याच्या प्राधिकरणाकडं जातो, जिल्हाधिकारी त्याचे प्रमुख. कर्नाटकात त्यांना डीसी म्हणतात, तेव्हा कुणी "डीसी ऑफिस" म्हटलं तर गोंधळू नका. काकांची लॅब आधीच नोंदवलेली असली तरी आमची ओपीडी ही वेगळी सेवा, वेगळी डॉक्टर, म्हणून वेगळा अर्ज केला. उलट आपल्याकडं महाराष्ट्रात १९४९ चा नर्सिंग होम कायदा खाटा असलेल्या ठिकाणांना लागतो, राजारामपुरीतल्या आमच्या ओपीडीला ती नोंदणी कधी लागली नाही, त्यामुळं खोलीचीही नोंदणी असते ही कल्पनाच आमच्या डोक्यात नव्हती.

मग कचरा. हसू नका. बायको मस काढते, कॉटरी म्हणजे जाळून काढायचं काम करते, छोटी बायोप्सी घेते. म्हणजे सुया, ब्लेड, रक्ताचा कापूस. मी म्हटलं त्यात काय, गुरुवारी संध्याकाळी पिवळी पिशवी डिकीत टाकू आणि कोल्हापूरच्या आपल्या गाडीवाल्याला देऊ. बायकोनं असं काही बघितलं माझ्याकडं. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम २०१६ चे आहेत, त्यात ज्यानं कचरा तयार केला त्यानं तो तिथल्याच सामाईक प्रक्रिया केंद्राला द्यायचा, ४८ तासांपेक्षा जास्त साठवायचा नाही, आणि परवानगी त्या राज्याच्या प्रदूषण मंडळाची. आमचं महाराष्ट्राचं कागद कोगनोळीपलीकडं नुसता कागद. खाटा नसलेल्या दवाखान्याला ही परवानगी एकदाच काढावी लागते हे त्यातल्या त्यात बरं. शेवटी लॅबच्या कचऱ्याची गाडी येतेच, तिच्याशीच वेगळा करार केला, बारकोड आमचा वेगळा.

आमच्या क्लिनिकच्या सिस्टर, पंधरा वर्षं आहेत, मॅडमच्या आधी त्याच पेशंटला रागावतात. त्यांना वाटलं आपण पण जायचं गुरुवारी, नवीन साडी पण घेतली. पण त्यांची नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची. नर्सचा कारभार पूर्ण वेगळ्या कौन्सिलकडं, तिकडं काम करायचं तर तिकडची नोंदणी, आणि एका दिवसासाठी ते सगळं परत करायची माझ्यात ताकद नव्हती. निपाणीचीच एक नोंदणीकृत सिस्टर घेतली. आमच्या सिस्टर आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

माझी चुलतबहीण टेक्ससमध्ये नर्स आहे, तिला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली आमच्याकडं नर्सचं सोपं आहे. तिथं राज्यांनी आपापसात करार केलाय, राहत्या राज्याचं एक मल्टिस्टेट लायसन्स घेतलं की करारातल्या चाळीसच्या वर ठिकाणी चालतं. राहतं राज्य बदललं तर ६० दिवसांत नव्या राज्यात अर्ज. कॅलिफोर्नियासारखी काही राज्यं त्यात नाहीत, तिकडं जायचं तर वेगळं लायसन्स. डॉक्टरांचा करार निराळा, २०१७ पासून त्यातून लायसन्स मिळतात, पण एकच लायसन्स सगळीकडं असं नाही, प्रत्येक राज्याचं वेगळंच, प्रत्येकाची फी वेगळी, फक्त तपासणी एकदा मुख्य राज्यात होते आणि बाकीची लवकर मिळतात. मी तिला म्हटलं आम्हाला तेवढं जरी झालं तरी पुरे, कागद एकदा तपासा आणि शेजारच्याला कळवा.

विम्याचं मला उशिरा सुचलं. तिची प्रोफेशनल इंडेम्निटी पॉलिसी आहे, म्हणजे पेशंटनं केस केली तर त्यासाठीचा विमा, त्यात प्रॅक्टिसचा पत्ता राजारामपुरीचा. एजंटला लेखी कळवून निपाणीचा पत्ता घालून घेतला. तसंही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं पेशंट स्वतः राहतो तिथल्या आयोगात तक्रार करू शकतो, म्हणजे निपाणीचा पेशंट कोल्हापुरात उपचार घेऊनही बेळगावला केस टाकू शकतो, त्यामुळं नाक्याच्या अलीकडं बसलो म्हणून तिकडची केस लागणार नाही असं नाहीच.

शेवटचं पाटी आणि पॅड. पॅडवर, पावतीवर, सर्टिफिकेटवर नोंदणी नंबर लिहिणं २००२ च्या आचारनियमांपासून बंधनकारक आहे. निपाणीसाठी वेगळं पॅड छापलं, कर्नाटकचा नंबर, आणि कडेचा पट्टा मुद्दाम हिरवा, कारण बायको घाईत कुठलंही पॅड उचलते. राजारामपुरीतलं निळं. पाटी मी हौसेनं कोल्हापुरातूनच करून नेली होती, मराठी मोठं, खाली बारीक कन्नड. काका बघून म्हणाले, छान आहे, पण ही आतल्या खोलीत लावा. कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्तीनंतर पाटीवर ६० टक्के कन्नड पाहिजे. निपाणीच्याच पेंटरकडून दुसरी केली, त्यानं बायकोचं नाव कन्नडमध्ये इतकं सुंदर काढलं की ती म्हणाली आठ महिन्यांत माझं नाव पहिल्यांदाच कुणीतरी एका दमात बरोबर लिहिलं.

फेब्रुवारी २०२५ च्या एका गुरुवारी सुरू झालं. मी बाहेर बाकावर दोन्ही राज्यांच्या नूतनीकरणाच्या तारखा मोबाईलमध्ये टाकत बसलो होतो, त्या जुळत नाहीत, एक इकडची एक तिकडची, दोन्हीला सहा महिने आधीचा गजर लावला. पहिला पेशंट आला तो कागलचा निघाला. म्हटलं, अहो तुम्ही महाराष्ट्रातले, कोल्हापूर तेवढंच लांब की. तर म्हणतो, "साहेब, राजारामपुरीत गाडी लावायला जागा हाय का?"